टाकी नंबर २ मधली बॅग : आमच्या लॅबच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

मॅडम म्हणाल्या रोज नाही तर निदान दोन-चार दिवसांनी तरी लिहून ठेव, सहा महिन्यांनी कोणी विचारलं की हे असं का केलं तर सांगता आलं पाहिजे, म्हणून आजपासून सुरू करून राहिली. काम एवढंच की आपल्या स्टेम सेल लॅबच्या सगळ्या नोंदी रजिस्टरमधून सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या.

नवीन वाचणाऱ्यासाठी थोडक्यात. मायलोमाचा (बोन मॅरोमधला कॅन्सर) पेशंट येतो, आधी इंजेक्शनं देऊन त्याच्या स्टेम सेल रक्तात आणतात, अफेरेसिस मशीनवर (रक्तातून हव्या तेवढ्याच पेशी वेगळ्या करणारं) गोळा करतात, बॅग आपल्याकडे येते. आपण सीडी३४ (स्टेम सेल ओळखायची खूण) मोजतो, डीएमएसओ (गोठताना सेल मरू नयेत म्हणूनचं रसायन) घालतो, मिनिटाला १ डिग्रीच्या हिशोबाने गोठवतो आणि लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत वाफेमध्ये ठेवतो, उणे १५० च्या खाली. मग पेशंटला मेल्फॅलान या केमोच्या औषधाचा मोठा डोस देतात. त्या डोसनंतर त्याचं बोन मॅरो स्वतःहून लवकर उभं राहत नाही, आपल्याकडची बॅग परत चढवली की रक्त वेळेत बनायला लागतं. आणि बाजारात ही बॅग मिळत नाही, त्या माणसाची ती एकच.

आज एका जुन्या केसचे कागद काढून बसली. कलेक्शन रजिस्टर, प्रोसेसिंग शीट, फ्रीझिंग रजिस्टर, स्टोरेज रजिस्टर, इश्यू रजिस्टर, वरून एक्सेल आणि फाईलमधला रिपोर्ट. एका बॅगचा नंबर सात ठिकाणी हाताने लिहिलेला किंवा टाईप केलेला. सात वेळा उतरवायचं म्हणजे सात वेळा चुकायची संधी, अन् आपण ते रात्री आठ वाजता थकून करतो.

४ जून

सॉफ्टवेअरमध्ये काही टाकायच्या आधी टाकी १ आणि २ मध्ये खरंच काय आहे ते मोजायचं ठरलं. रजिस्टरवर ६१ बॅगा. भाऊ (आमचे सिनियर टेक्निशियन, १९ वर्षं याच कामात) क्रायो ग्लोव्ह घालून कॅनिस्टर (टाकीतला बॅगांचा डबा) उचलायचे, मी यादीवर टिक करायची. झाकण फार वेळ उघडं ठेवता येत नाही, वाफ खाली सांडते, वरचं टेम्परेचर चढायला लागतं, म्हणून एका वेळी एकच कॅनिस्टर, मग थांबायचं. त्यात बाहेर ४४ डिग्री ऊन, आत पायापाशी बर्फाचा धूर.

मोजले तर ६१ च भरले. दोघं एकदम खुश झालो.

५ जून

खुशी एक दिवसही टिकली नाही. आकडा जुळला पण जागा जुळल्या नाहीत. टाकी १, कॅनिस्टर ४ मध्ये एका पेशंटच्या दोन बॅगा पाहिजेत, खण २ आणि खण ३. खण २ मध्ये आहे. खण ३ रिकामा. आणि टाकी २ च्या कॅनिस्टर ६ मध्ये एक बॅग जास्तीची, जिची रजिस्टरमध्ये नोंदच नाही. लेबलवरची शाई उडाली आहे, वर्ष दिसतं, आडनावाची सुरुवातीची अक्षरं दिसतात, नंबर जवळपास गेलेला.

दोन जमा दोन चार करून ‘हीच ती’ म्हणायला कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण त्याच वर्षी आपल्याकडे वानखेडे आणि वानखडे असे दोन पेशंट होते, एका मात्रेचा फरक, आणि इंग्रजीत तर आधार कार्डवर एक स्पेलिंग, आपल्या शीटवर दुसरं. त्यामुळे सध्या ती बॅग सिस्टिममध्ये ‘ओळख अनिर्णित’ म्हणून टाकली, लाल रंगात. मॅडमना लेखी कळवलं.

११ जून

एक्सेलची साफसफाई. भाऊंनी वर्षानुवर्षं बॅग नंबर १/२, २/२ असा टाकला होता, म्हणजे दोनपैकी पहिली, दोनपैकी दुसरी. एक्सेलने त्याच्या तारखा करून टाकल्या, आता तिथे फेब्रुवारी दिसते. ३४ ओळी अशा निघाल्या. यात भाऊंची काहीच चूक नाही. जीन्सची नावं ठरवणाऱ्या जागतिक समितीलाही २०२० मध्ये काही मानवी जीन्सची नावंच बदलावी लागली, कारण मार्च१, सेप्ट१ असं टाईप केलं की एक्सेल त्याची तारीख करायचं. एवढ्या मोठ्या लोकांनी हात टेकले तिथे आपण कोण.

त्या ३४ ओळी मी रजिस्टर समोर ठेवून एकेक दुरुस्त केल्या, शेजारी मॅडमकडे काम शिकायला येणारी मुलगी बसून मोठ्याने वाचत होती. अंदाजाने एकही नाही.

१९ जून

नंबरचं ठरलं. आयएसबीटी १२८ (रक्ताच्या, सेलच्या बॅगांना नंबर द्यायची आंतरराष्ट्रीय पद्धत) वापरायचं, जगभर बरीच ट्रान्सप्लांट सेंटर हेच वापरतात. १३ अक्षरांचा नंबर, पहिली ५ म्हणजे कुठल्या सेंटरची बॅग, पुढची २ वर्ष, शेवटचे ६ आकडे अनुक्रम. त्याच्या शेजारी चौकटीत एक तपासणी अक्षर असतं, ते त्या १३ अक्षरांवरून गणिताने काढलेलं. हाताने टाईप करताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आलटून पालटून पडले तर ते अक्षर जुळत नाही आणि सिस्टिम पुढे जाऊच देत नाही. मी मुद्दाम वीस-पंचवीस वेळा चुकीचं टाकून पाहिलं, प्रत्येक वेळी अडवलं. खूप बरं वाटलं.

पण वजनाला असं तपासणी अक्षर नसतं. हे लिहून ठेवते कारण मीटिंगमध्ये यावर कोणी फार लक्ष दिलं नाही. समजा १०० मिली बॅग आहे, मायक्रोलीटरमागे १५०० सीडी३४, म्हणजे एकूण १५ कोटी. पोरगं १५ किलोचं असेल तर किलोमागे १ कोटी, भरपूर. तेच १५ चं ५१ टाईप झालं तर किलोमागे २९ लाख, म्हणजे डॉक्टर म्हणतील कमी आहे, उद्या परत कलेक्शन करा. किमान २० लाख लागतातच, पण ५० लाखाच्या आसपास असले तरच निवांत. उलटी चूक झाली तर कमी बॅग पुरेशी वाटेल, आणि ती चूक जास्त वाईट. म्हणून वजन दोन जणांनी वेगवेगळं टाकायचं, एकमेकांचं न बघता, आणि वजन कोणत्या तारखेचं तेही. सॉफ्टवेअर कंपनीवाला म्हणाला यूजर कंटाळतील. कंटाळू द्या.

२७ जून

सिकलसेलच्या पोरांच्या फाईली. विदर्भात सिकलसेल किती आहे हे वेगळं सांगायला नको, सरकारने २०२३ मध्ये निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं त्याच्या कितीतरी आधीपासून मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत ही पोरं दुखणं घेऊन रांगेत बसलेली असायची. यात ट्रान्सप्लांटला शक्यतो सख्ख्या भावाबहिणीचे सेल घेतात, एका भावंडाशी जुळायची शक्यता चारात एक.

आता आपल्याकडे नाव लिहायची पद्धत बघा. पोराचं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. भाऊ डोनर, बहीण पेशंट. बापाचं नाव तेच, आडनाव तेच, पत्ता तोच, मोबाईल नंबर तोच, कधीकधी पहिलं अक्षरसुद्धा तेच. सॉफ्टवेअरची यादी छोट्या खिडकीत उघडली की नाव मधेच तुटतं आणि दोघं हुबेहूब दिसतात. हे सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं त्यांच्या डोक्यात असं घर कधी आलंच नसणार. मी म्हटलं डोनरच्या ओळीला एक रंग, पेशंटच्या ओळीला दुसरा, आणि जन्मतारीख नेहमी नावाच्या आधी दिसली पाहिजे. हे त्यांनी ऐकलं, दोन दिवसांत करून दिलं, त्याबद्दल खरंच आभार.

८ जुलै

रक्तगट. यावर आज दीड तास वाद झाला आणि मी आवाज चढवला, त्याचं वाईट वाटून राहिलं, पण मुद्दा सोडणार नाही.

सॉफ्टवेअरमध्ये पेशंटला रक्तगटाचा एकच रकाना आहे. साध्या हॉस्पिटलला चालतं, माणसाचा रक्तगट जन्मभर तोच. आपल्याकडे चालत नाही. ए गटाच्या मुलीला ओ गटाच्या भावाचे सेल दिले की काही महिन्यांत तिच्या तांबड्या पेशी ओ गटाच्या होतात. मधल्या काळात दोन्ही असतात, आणि त्या काळात तिला कुठलं रक्त, कुठला प्लाझ्मा, कुठल्या प्लेटलेट द्यायच्या याचा वेगळा हिशोब असतो. एकच रकाना असेल तर कोणीतरी नवा रिपोर्ट पाहून जुना गट पुसणार. किंवा नवा रिपोर्ट चुकीचा समजून जुनाच ठेवणार. पाच वर्षांनी ती मुलगी पोटदुखी घेऊन गोंदियाच्या दवाखान्यात गेली आणि जुना कागद दाखवला तर?

तीन रकाने पाहिजेत, पेशंटचा मूळ गट, डोनरचा गट, आजचा गट, आणि प्रत्येकाला तारीख. कंपनी म्हणते यासाठी वेगळा चार्ज. मॅडम म्हणाल्या चार्ज द्या, बिल माझ्या टेबलावर पाठवा.

१६ जुलै

हुडमधली (निर्जंतुक हवेचं काचेचं कपाट) वेळ. डीएमएसओ घातलं की घड्याळ सुरू होतं, गोठायच्या आधी ते सेलला त्रास देतं, म्हणून घातल्यापासून फ्रीझर सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली हे नोंदवावंच लागतं. पण हात ग्लोव्हमध्ये, गाऊन घातलेला, कीबोर्डला हात लावायचा नाही. आतापर्यंत काय चालायचं, तर हुडच्या काचेला चिकटवलेल्या टेपवर मार्करने वेळ लिहायची आणि संध्याकाळी शीटवर उतरवायची. भाऊंची टेप मी पाहिली, अक्षर सुंदर, पण साफसफाईवाल्या मावशींनी काच पुसताना ती काढली तर गेलं सगळं.

उपाय भाऊंनीच काढला. लॅमिनेट केलेली सहा कार्डं, प्रत्येकावर बारकोड, ‘सॅम्पल काढलं’, ‘डीएमएसओ सुरू’, ‘डीएमएसओ पूर्ण’ वगैरे. स्कॅनर स्टँडवर उभा. कार्ड समोर धरलं की वेळ आपोआप पडते, कोणी केलं ते बॅजवरून. आज पाण्याच्या बॅगेवर रंगीत तालीम केली, काम थांबवावं लागलंच नाही.

मग लक्षात आलं वेळ पडते पण कोणाची वेळ. फ्रीझरच्या डिस्प्लेवरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ११ मिनिटं मागे. टाकीच्या अलार्म बॉक्सचं ४ मिनिटं पुढे. म्हणजे आजवरच्या फ्रीझिंग रजिस्टरमध्ये काही वेळा फ्रीझरच्या, काही भिंतीच्या, आणि कोणती कोणती ते कागदावरून कळत नाही. सगळी यंत्रं एका सर्व्हरच्या वेळेला बांधली, आयटीचा दादा दर सोमवारी तपासणार.

३० जुलै

लेबलचा निकाल. तीन प्रकारची लेबलं रिकाम्या बॅगांना लावून तीन आठवडे वाफेत ठेवली होती, आज काढून ३७ डिग्रीच्या पाण्यात वितळवली. एकाचा कोपरा सुटला. दुसऱ्याची शाई ओल्या बोटाने पसरली, टाकी २ मधल्या आपल्या त्या बॅगेसारखीच. तिसरं तसंच्या तसं, स्कॅनही झालं. थर्मल ट्रान्सफरची रिबन वापरलेलं तेच. किंमत जास्त आहे, तरी तेच घ्यायचं.

अजून एक कळलं. बॅग बाहेर काढली की दहा सेकंदांत लेबलवर पांढरा बर्फ धरतो आणि स्कॅनर आंधळा होतो. बोटाने पुसायला गेलं तर बॅग गरम होते. म्हणून एक बारकोड बाहेरच्या ॲल्युमिनियम कॅसेटवर आणि एक बॅगेवर, कॅसेट टाकीपाशी स्कॅन करायची, बॅग वितळल्यावर पेशंटच्या बेडपाशी.

११ ऑगस्ट

लॉगिन. आजपर्यंत सगळे एकाच नावाने आत जायचे आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. आता प्रत्येकाचं वेगळं, आणि काही बदललं तर जुनं काय होतं, नवं काय, कोणी, कधी, का, हे सगळं कायम दिसणार. भाऊ गप्प बसले होते, मग म्हणाले, “एवढी वर्षं काम केलं, आता आमच्यावर विश्वास नाही का?”

मी त्यांना त्यांचंच रजिस्टर दाखवलं. भाऊ कधी व्हाइटनर लावत नाहीत. एक सरळ रेघ मारतात, खालचं वाचता येतं, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. म्हटलं भाऊ, मशीन आता तेच करून राहिलं जे तुम्ही पहिल्यापासून करता. ते हसले नाहीत, पण पासवर्ड बनवला.

सर्व्हरचंही आजच ठरलं. बेसमेंटमध्ये ठेवणार होते. मी विरोध केला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा एका रात्रीत किती घरांत पाणी शिरलं ते नागपूरकराला सांगायला लागू नये. तिसऱ्या मजल्यावर जाणार, एक प्रत रोज रात्री शहराबाहेर. शिवाय दर महिन्याला सगळं साध्या पीडीएफमध्येही काढून ठेवायचं, कारण कंपनी बंद पडू शकते, पेशंट तर राहणार आहे ना. भारतात पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झालं. तेव्हापासून किती प्रकारचे कॉम्प्युटर आले आणि गेले.

१८ ऑगस्ट

ज्याची भीती होती तेच झालं. ट्रान्सप्लांटच्या सरांचा फोन, यवतमाळकडचे एक काका, शेतकरी, चार वर्षांनी मायलोमा परत आला, दुसरं ट्रान्सप्लांट करायचं आहे, यांच्या दोन बॅगा तुमच्याकडे आहेत ना? टाकी १, कॅनिस्टर ४. खण २ ची आहे. खण ३ ची ‘ओळख अनिर्णित’.

एका बॅगेत किलोमागे २१ लाख, गोठवायच्या आधीचे. वितळल्यावर त्यातले काही मरणार, म्हणजे एकीवर अवलंबून राहता येत नाही. सरांना सगळं खरं सांगितलं. ते चिडले नाहीत, एवढंच विचारलं, “कधीपर्यंत सांगशील?”

२३ ऑगस्ट

आज मारबतची मिरवणूक, इतवारी-महालचे रस्ते बंद, अर्धा स्टाफ उशिरा. लॅब शांत होती म्हणून जुन्या अलार्म फाईली घेऊन बसली. दुपारी सापडलं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री टाकी १ ची पातळी घसरली होती, नायट्रोजनची गाडी यायला उशीर, तेव्हा ड्युटीवरच्या मुलाने वरच्या खणातल्या पाच बॅगा टाकी २ मध्ये हलवल्या. एकदम बरोबर निर्णय, त्याने पाच जणांचे सेल वाचवले. पाच जागा त्याने टेपवर लिहून अलार्म बॉक्सला चिकटवल्या होत्या, सकाळी कोणीतरी ती टेप अलार्मच्या कागदाच्या मागे लावून ठेवली. चार बॅगा नंतर परत गेल्या. पाचवी राहिली. टेपवर अजून वाचता येतं : ‘१-४-३ → २-६’.

तो मुलगा आता इथे नाही. त्याला फोन करून सांगितलं की तुझी टेप सापडली. थोडा वेळ काही बोललाच नाही.

इश्यू रजिस्टरही पाहिलं, वानखेडे-वानखडेंपैकी दुसऱ्या पेशंटच्या बॅगा सगळ्या तेव्हाच चढवल्या गेल्या होत्या. म्हणजे ही काकांचीच. तरी मॅडम म्हणाल्या नाही, कागदावरून काढलेल्या अनुमानावर कोणाच्या शरीरात बॅग जाणार नाही. बॅगेला जोडलेल्या नळीच्या छोट्या तुकड्यात थोडे सेल गोठलेले असतात, तो तुकडा काढला. काकांच्या गालातून स्वॅब. दोन्हींची एसटीआर टेस्ट (डीएनएवरून सेल कोणाचे ते ओळखायची), डोनरचे सेल किती टक्के लागले ते पाहायला आपण नेहमी पाठवतो तीच.

४ सप्टेंबर

रिपोर्ट आला. सगळे मार्कर जुळले. एका माणसाचे सेल.

सिस्टिममध्ये दुरुस्ती टाकली : जुनी जागा, खरी जागा, कधी हलली, का, टेपचा फोटो, एसटीआरचा रिपोर्ट, माझी सही, मॅडमची सही. ‘अनिर्णित’ पुसलं नाही, ते खाली तसंच दिसतं आणि दिसलंच पाहिजे.

१७ सप्टेंबर

आज दोन्ही बॅगा चढवल्या. कॅसेट टाकीपाशी स्कॅन, ड्राय शिपर (गोठलेली बॅग न्यायचा थंड डबा), वॉर्ड, काकांच्या हातातला पट्टा स्कॅन, दोन जणांनी मोठ्याने वाचलं. खण ३ ची बॅग, जुनं लेबल खराब असल्यामुळे तिला नवीन लेबल बाहेरच्या पिशवीवर लावलं होतं, पाण्यातून काढल्यावर एका फटक्यात बीप. पाण्यात टाकल्यापासून पूर्ण चढेपर्यंत १४ मिनिटं, ही वेळ कोणी लिहिली नाही, कार्डं दाखवली तशी पडत गेली. खोलीत डीएमएसओचा लसणासारखा वास भरला. काकू म्हणाल्या फोडणी कोणी घातली. सिस्टरने त्यांना समजावलं, दोन दिवस राहील.

२९ सप्टेंबर

बारावा दिवस. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर, म्हणजे सेल लागले. सरांनी स्वतः फोन करून सांगितलं. इश्यूच्या नोंदीखाली हा आकडा जोडला, दोन्ही बॅगांच्या नंबरला.

टाकी १ आणि २ पूर्ण झाल्या. रजिस्टरं अजून बंद करायची नाहीत, डिसेंबरपर्यंत दोन्हीकडे लिहायचं. उद्या सकाळी टाकी ३, भाऊंना साडेआठला बोलावलं आहे, त्यात अठ्ठावीस असायला पाहिजेत.